पॅनासॉनिक एसव्ही-३८००: जुन्या डॅट टेपा उतरवून घ्यायला कितपत कामाचं?

डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, आवाज आकड्यांत साठवणारी. तिची कॅसेट काड्यापेटीहून जराशीच मोठी: ७३ बाय ५४ बाय १०.५ मिमी. आत ३.८१ मिमी रुंदीची धातुकणांची टेप असते, आणि दोन तासांच्या कॅसेटमध्ये ती साधारण ६० मीटर भरते. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या स्टुडिओंमधून पक्का मास्टर याच कॅसेटवर बाहेर पडायचा. मैफलींचं ध्वनिमुद्रण करणारेही पोर्टेबल डॅट खांद्याला लावून फिरत. त्या टेपा अजून कपाटांत आहेत, पण त्या वाजवणारी यंत्रं झपाट्याने कमी होताहेत. सोनीने हा प्रकार १९८७ मध्ये बाजारात आणला आणि डिसेंबर २००५ मध्ये आपली उरलेली डॅट यंत्रं बंद केली. आज जे मिळेल ते वापरलेलंच मिळेल, आणि ते कुठल्या स्थितीत आहे यावर सगळं अवलंबून राहील.

या परीक्षणापुढे प्रश्न एकच आहे: हातातल्या डॅट टेपा एकदाच, पण नीट संगणकावर उतरवून घ्यायच्या असतील तर पॅनासॉनिकचं एसव्ही-३८०० हे डॅट यंत्र घ्यावं का? नवीन ध्वनिमुद्रणासाठी आज कोणी डॅट घेऊ नये, म्हणून त्या अंगाने यंत्र तपासलेलं नाही. उत्तर आधीच सांगून टाकतो. ड्रम, म्हणजे टेप वाचणारी हेडं बसवलेला फिरता दंडगोल, शाबूत असेल तर जरूर घ्यावं. ड्रम संपत आला असेल तर फुकट मिळालं तरी ते फक्त सुट्या भागांसाठी ठेवावं.

आपल्या काळी हे यंत्र विकलं गेलं ते कन्व्हर्टरच्या जोरावर. आधीच्या एसव्ही-३७०० पेक्षा याचा डिजिटल-ते-ॲनालॉग कन्व्हर्टर (आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग) वरचा, २० बिटांचा, असं जाहिरातीत ठळक असायचं. विकणारे आजही तेच सांगतात. टेपा उतरवणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. टेपवर १६ बिटांचे आकडे आहेत. ते एईएस/ईबीयू या स्टुडिओतल्या डिजिटल जोडणीच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटमधून जसेच्या तसे बाहेर काढायचे आणि संगणकात भरायचे, एवढंच काम. त्या वाटेवर कन्व्हर्टर लागतच नाही. सोनीच्या पीसीएम-आर५०० या डॅट यंत्रातल्या ‘सुपर बिट मॅपिंग’ या आवाज सुधारणाऱ्या सोयीचंही तसंच: ते ध्वनिमुद्रण करताना चालतं, वाजवताना त्याला काही काम नसतं. तेव्हा भाव ठरवताना या गोष्टी बाजूला ठेवा आणि टेप ड्रमवरून कशी जाते ते बघा.

टेपवर नेमकं काय असतं

डॅटचा ड्रम ३० मिमी व्यासाचा असतो आणि मिनिटाला २००० फेरे मारतो. टेप मात्र सेकंदाला जेमतेम ८.१५ मिमी सरकते. ड्रमवरची दोन हेडं टेपवर तिरक्या रेघा ओढत जातात. एक रेघ साडेतेवीस मिमी लांब आणि १३.६ मायक्रॉन रुंद असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा चार-पाच रेघा सहज मावतील. दोन रेघांमध्ये मोकळी जागा नसते. शेजारच्या रेघेचा आवाज मिसळू नये म्हणून एका हेडची फट २० अंश एका बाजूला, तर दुसऱ्याची २० अंश दुसऱ्या बाजूला कललेली असते.

व्हिडिओ टेपला असतो तसा कंट्रोल ट्रॅक इथे नाही. प्रत्येक रेघेतच काही पायलट सूर लिहिलेले असतात आणि त्यांच्या आधाराने यंत्र हेडला रेघेवर धरून ठेवतं. म्हणून डॅटवर ट्रॅकिंगचं बटण सापडत नाही. ज्या यंत्रावर टेप भरली त्याचे मार्गदर्शक खांब थोडे वर-खाली असतील, तर तिच्यावरच्या रेघा किंचित वाकड्या पडतात. त्या यंत्रावर ती टेप ठणठणीत वाजते आणि दुसऱ्यावर अडखळते. ‘ही टेप खराब झाली’ म्हणून बाजूला काढलेल्या टेपांमध्ये अशा टेपा असतात. त्या दुसऱ्या यंत्रावर लावून पाहिल्याशिवाय टाकून देऊ नका.

चुका सुधारायची सोय डॅटमध्ये पुष्कळ आहे: रीड-सॉलोमन पद्धतीचे दोन थर, सी१ आणि सी२. शिवाय नमुने, म्हणजे क्षणोक्षणी मोजलेल्या आवाजाचे आकडे, दोन रेघांत वाटून लिहिलेले असतात. डाव्या बाजूचे सम आणि उजवीचे विषम नमुने एका हेडच्या रेघेत, तर उरलेले दुसऱ्या हेडच्या. यातून एक फसवी गोष्ट घडते. एक हेड घाणीने पूर्ण बंद झालं तरी यंत्र वाजत राहतं, कारण गेलेला प्रत्येक नमुना शेजारच्या दोहोंची सरासरी घालून भरला जातो. ऐकणाऱ्याला आवाज जरा खरखरीत, वरच्या पट्टीत दाणेदार लागतो आणि तो ‘जुनं रेकॉर्डिंग आहे’ म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात अर्धी माहिती गायब असते. ॲनालॉग टेप खराब होते तेव्हा आवाज दबतो, सणसणतो, म्हणजे निदान कळतं तरी. डॅट मात्र शेवटपर्यंत सावरून घेते आणि मग एकदम गप्प होते.

म्हणूनच टेपा उतरवायच्या यंत्राची पहिली कसोटी म्हणजे ते आपल्या चुका दाखवतं का. एसव्ही-३८०० आणि त्याआधीचं ३७०० यांच्यात चुकांचा आकडा आणि ड्रमचे तास डिस्प्लेवर आणता येतात. त्यासाठी सर्व्हिस मॅन्युअलमधली बटणं एकत्र दाबावी लागतात, समोर त्यासाठी वेगळं बटण नाही. या यंत्राची शिफारस करण्यामागे हे सर्वांत मोठं कारण आहे. टेप चालू असताना आकडा डोळ्यांसमोर असला, की तो चढायला लागताच थांबता येतं, हेड पुसता येतं, पुन्हा सुरुवात करता येते. चांगल्या टेपवर चांगलं यंत्र काही थोड्या चुका दाखवतंच. शून्याचा हट्ट धरू नये. मात्र एकाच टेपवर आकडा हळूहळू चढत गेला तर हेड भरतंय असं समजा. ठरावीक जागी उसळी मारून परत खाली आला तर दोष टेपवर आहे. आणि वेगवेगळ्या सगळ्याच टेपांवर तो सुरुवातीपासून चढा असला, तर ड्रम झिजलाय किंवा खांबांची उंची हललीय.

विकत घेताना

विकणाऱ्याकडून सगळ्यात आधी ड्रमच्या तासांचा फोटो मागवा. ढोबळ हिशेब असा: हजार तासांच्या आतला ड्रम उत्तम, २००० च्या पुढे गेलेला म्हातारा. टेप वाजत नसतानाही, म्हणजे पॉजमध्ये ती ड्रमला लागून असतानाही हे तास चढत असतात. दिवसभर पॉजमध्ये पडून राहणाऱ्या यंत्राचे तास म्हणूनच फार दिसतात. नवा ड्रम आता कारखान्यातून येणार नाही. लॅमिंग्टन रोडवर कपॅसिटर, रेग्युलेटर, स्विच, पट्टे सगळं मिळेल, पण या यंत्राचा ड्रम तिथे मागून उपयोग नाही.

यानंतर एक व्हिडिओ मागवा. त्यात कॅसेट ट्रेमध्ये ठेवण्यापासून टेप ड्रमला लागून आवाज येईपर्यंतचा सगळा प्रवास न तोडता दिसला पाहिजे, आणि बाहेर काढण्याचाही. टेप आत गेली, घरघर झाली, ड्रमपर्यंत पोचली आणि यंत्राने लगेच ती बाहेर फेकली, तर बहुतेक वेळा मोड स्विच काळा पडलेला असतो. तो यंत्रणा कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगतो; त्याचे संपर्क खराब झाले की यंत्राला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. हे दुरुस्त होतं: स्विच काढून आतले संपर्क स्वच्छ करायचे. टेप फार सावकाश गुंडाळली जात असेल तर गिअरवरचं जुनं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं असतं. तेही जमतं, जुनं पूर्ण पुसून प्लास्टिकला चालणारं नवं ग्रीस अगदी पातळ लावायचं. टेप दाबून पुढे सरकवणाऱ्या पिंच रोलरचं रबर आरशासारखं चकाकत असेल तर ते कडक झालंय. अशा रोलरखाली टेप घसरते, वेग अस्थिर होतो आणि वाईट दिवशी टेप रोलरभोवती गुंडाळली जाते. रोलर बदलल्याशिवाय किंवा नवं रबर चढवून घेतल्याशिवाय त्या यंत्रात किमती टेप घालू नये.

या वयाच्या सगळ्याच यंत्रांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांची शंका धरावी. पॉवर सप्लायमधले सुकतात. बोर्डावर बसवलेले छोटे गळतात, आणि गळलेला द्रव खालचे तांब्याचे मार्ग खातो. झाकण उघडल्यावर माशासारखा वास आला किंवा कपॅसिटरच्या बुडाशी हिरवट डाग दिसला, तर यंत्र चालू करून बघण्याच्या आधी ते बदला.

व्होल्टेजकडे हमखास दुर्लक्ष होतं. जपानहून आलेलं यंत्र १०० व्होल्टचं असेल, अमेरिकेहून आलेलं १२० चं. मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं ते वाचा, २३० च्या सॉकेटमध्ये पिन बसते म्हणून लावू नका. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या, पट्टीवरच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची आहे, म्हणून ड्रम सावकाश फिरेल अशी भीती अनेकांना असते. तसं होत नाही. ड्रमचा वेग यंत्रातल्या क्रिस्टलवर चालतो. फक्त १२० व्होल्टच्या यंत्राचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जरा जास्त तापू शकतो, म्हणून रॅकमध्ये त्याच्यावर एक खण मोकळा सोडा.

हेड पुसणं

हेड पुसताना यंत्र बिघडवून ठेवणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून हे सावकाश वाचा. प्लग भिंतीतून काढा आणि झाकण उघडा. पॉवर सप्लाय आतच असतो. कानात घालायची कापसाची काडी वापरू नका, तिचा एक धागा हेडच्या टोकाला अडकला तरी टोक निघून येतं. शॅमॉय चामड्याची काडी किंवा धागा न सोडणारं कापड घ्या, त्यावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब टाका. काडी ड्रमच्या बाजूला आडवी, अलगद टेकवून धरा आणि ती अजिबात हलवू नका. दुसऱ्या हाताच्या बोटाने ड्रमला वरून, टेप लागते त्या कडेला न शिवता, हळू हळू फिरवा. आठ-दहा फेरे पुरे. काडीवर तपकिरी-काळी रेघ उमटलेली दिसेल, तीच ती घाण. काडी वर-खाली कधीच ओढू नका. हेडचं टोक आडव्या घर्षणासाठी बनलेलं आहे, उभ्या ताणाने ते तुटतं. मग खांब आणि कॅप्स्टन (पिंच रोलरसमोरची, टेप ओढणारी फिरती दांडी) पुसा, पिंच रोलर फक्त किंचित ओलसर कापडाने, कारण अल्कोहोलने रबर आणखी कडक होतं. पाच मिनिटं सुकू द्या.

बाजारात कोरडी सफाई कॅसेट मिळते. ती म्हणजे पॉलिश पेपरच. आकडा एकदम चढला आणि झाकण उघडायला सवड नसली तर पाच ते दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. रोज सकाळी सवय म्हणून ती लावणारे लोक ड्रमचे तासच खर्च करत असतात.

प्रत्यक्ष उतरवताना

टेप कोरड्या, थंड ठिकाणाहून आणली असेल तर निदान एक दिवस खोलीत तशीच राहू द्या, विशेषतः जून ते सप्टेंबर. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत थंड टेपवर किंवा थंड ड्रमवर ओल धरते, टेप ड्रमला चिकटते आणि मग आख्खी लड ओढली जाते. यंत्र एसीच्या खोलीतून बाहेर आणलं असेल तर तेही तासभर बंद राहू द्या. ओलीची सूचना दिसली तर ती टाळायचा जुगाड करू नका. वर्षानुवर्षं न हललेली टेप दिसायला स्वच्छ असेल तर एकदा शेवटापर्यंत पुढे आणि परत मागे नेऊन घ्या, म्हणजे रिळावरचा ताण सारखा होतो. एसव्ही-३८०० हे काम फार झटकन करतं. दोन तासांची टेप मिनिटभरात या टोकाहून त्या टोकाला जाते. टेप ड्रमला केवळ ९० अंश वेढलेली असते, म्हणून एवढ्या वेगात ती ड्रमला लागून राहिली तरी सहसा इजा होत नाही. तरीही सुरकुतलेल्या टेपवर हा वेग वापरू नका.

जोडणी सोपी आहे. यंत्राचा एईएस/ईबीयू आउट ११० ओहमच्या डिजिटल केबलने संगणकाला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या एईएस इनला द्या. माइकची साधी एक्सएलआर केबल दीड-दोन मीटरपर्यंत बहुधा चालून जाते, पण ‘बहुधा’वर संग्रहाचं काम करू नये. इंटरफेसमध्ये फक्त एसपीडीआयएफ (घरगुती यंत्रांची डिजिटल जोडणी) असेल तर यंत्राचा कोॲक्सियल आउट आणि ७५ ओहमची केबल वापरा. मग सर्वांत महत्त्वाचं: क्लॉक, म्हणजे नमुन्यांचा ताल ठरवणारं घड्याळ. एसव्ही-३८०० ला बाहेरून वर्ड क्लॉक देण्याची सोय नाही. ती हवी असेल तर याच घराण्यातलं ४१०० बघावं लागतं. पण वाजवण्याच्या कामाला तिची गरजही नाही. डॅट यंत्र मालक, इंटरफेस त्याच्या मागे. इंटरफेसच्या पॅनलमध्ये क्लॉक सोर्स ‘इंटर्नल’वरून डिजिटल इनवर टाका. हे विसरलं तर दर काही सेकंदांनी बारीक टिकटिक ऐकू येते आणि लोक बिचाऱ्या टेपला दोष देतात. सॅम्पल रेट कन्व्हर्टर असेल तर तो बंद. सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी शून्यावर, डिदर (सॉफ्टवेअर मुद्दाम मिसळतं ती बारीक खरखर) बंद.

टेप ४८ किलोहर्ट्झची (सेकंदाला ४८ हजार नमुने) असेल तर फाइल ४८ ची, ४४.१ ची असेल तर ४४.१ चीच. ‘मोठा आकडा चांगला’ म्हणून २४ बिट ९६ किलोहर्ट्झवर चढवू नका. तो सल्ला ॲनालॉग टेपांसाठी आहे. आयएएसए या ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची टीसी-०४ मार्गदर्शिकाही डिजिटल टेपवरचे आकडे न बदलता उतरवायला सांगते. ४८ वर एका तासाची फाइल ६९१ एमबीच्या आसपास होते; आजच्या डिस्कला ते काहीच नाही. एकाच टेपवर दोन वेगवेगळे रेट असू शकतात: आधी स्टुडिओतलं ४४.१, पुढे मैफलीचं ४८. रेट बदलला की बरीच सॉफ्टवेअर न थांबता चुकीच्या वेगाने लिहीत राहतात, म्हणून टेप चालू करून खोलीबाहेर जाऊ नये.

एक खाच फार कमी जणांना माहीत असते: प्री-एम्फसिस. काही ध्वनिमुद्रणांत वरचे सूर मुद्दाम चढवून लिहिलेले असतात, वरच्या टोकाला जवळपास १० डेसिबलपर्यंत, आणि वाजवताना ते उतरवायचे असतात. यंत्राचा ॲनालॉग आउट ते आपोआप उतरवतो. डिजिटल आउट फक्त तशी खूण पाठवतो, जिच्याकडे बहुतेक सॉफ्टवेअर लक्ष देत नाही. तंबोरा पत्र्यासारखा आणि ‘स’ बोचरा लागला तर आधी हेडफोन यंत्राच्या ॲनालॉग बाजूला लावून फरक ऐका. डिस्प्लेवर एम्फसिसची खूण आहे का बघा. मूळ फाइल तशीच ठेवा, नोंदीत लिहा, आणि ऐकायच्या प्रतीवर ५०/१५ मायक्रोसेकंदांचा डी-एम्फसिस लावा.

आता पडताळणी. टेप दोनदा उतरवायची. दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवा, तबल्याचा एखादा स्पष्ट ठोका निवडून नमुन्याला नमुना जुळेपर्यंत मोठं करून सरकवा, मग एकीची पोलॅरिटी उलटी करून दोन्ही एकत्र वाजवा. दोन्ही वेळा तेच आकडे आले असतील तर पूर्ण शांतता मिळते, मीटर हलतसुद्धा नाही. जिथे ‘टक्’ होतं तिथे निदान एका खेपेला यंत्राने सरासरी घालून भरलेलं आहे. त्या जागेची वेळ लिहून ठेवा, हेड पुसा, तिसऱ्यांदा उतरवा आणि तिघांतल्या ज्या दोन जुळतात त्यांचा तुकडा घ्या. पण टेपचाच तेवढा भाग गेलेला असेल तर यंत्र दोन्ही वेळा अगदी तेच खोटं उत्तर देऊ शकतं आणि वजाबाकी शांत येते. त्यासाठी डिस्प्लेवरचा आकडा हवा. म्हणून दोन्ही कसोट्या लावायच्या, आणि जमल्यास दुसरी खेप वेगळ्या यंत्रावर घ्यायची.

दुसरं यंत्र कोणतं

पीसीएम-आर५०० ची टेप हाताळणी एसव्ही-३८०० पेक्षा मऊ आहे, चारही मोटर डायरेक्ट ड्राइव्हच्या, पट्टे-क्लचचा खेळ कमी. नाजूक, सुरकुतलेल्या टेपेला तेच आधी लावावं. दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्यावीत, कारण एकावर अडणारी टेप दुसऱ्यावर वाजण्याची शक्यता चांगली असते. एसव्ही-३७०० स्वस्तात चांगल्या ड्रमसकट मिळालं, तर ३८०० साठी थांबून राहू नका. डिजिटल आउटमधून येणारे आकडे तेच.

टॅस्कॅम डीए-४५एचआर वेगळ्या कारणासाठी लागतं. ते २४ बिटांत ध्वनिमुद्रण करताना टेप दुप्पट वेगाने चालवतं, आणि तशी भरलेली टेप दुसऱ्या कंपनीच्या साध्या यंत्रावर वाजत नाही. लेबलवर ‘एचआर’ किंवा ‘२४ बिट’ दिसलं तर तेच यंत्र शोधा. पायोनिअरची ९६ किलोहर्ट्झची यंत्रंही अशीच दुप्पट वेगाची होती. ३२ किलोहर्ट्झ १२ बिटांच्या लाँग प्ले टेपांसाठी सोनीचं टीसीडी-डी७ किंवा डी८ हे छोटं पोर्टेबल कामाला येतं. त्यात टेप निम्म्या वेगाने चालते, म्हणून दोन तासांच्या कॅसेटवर चार तास असतात.

शे-दीडशेहून जास्त टेपा असतील तर डीडीएस ड्राइव्हचाही, म्हणजे संगणकाचा डेटा डॅटसारख्याच टेपेवर ठेवणाऱ्या ड्राइव्हचाही विचार करा. सोनी एसडीटी-९००० किंवा आर्काइव्ह पायथन ४३२० यांच्यावर ऑडिओ वाचणारं फर्मवेअर असेल तर ते टेपवरच्या फ्रेमा थेट फाइल म्हणून वाचतात, ऐकण्याच्या वेगाहून लवकर. मोठा फायदा असा की टेपवरच्या स्टार्ट आयडी (तुकडा कुठे सुरू होतो त्या खुणा), ॲब्सोल्यूट वेळ (टेपच्या सुरुवातीपासून मोजलेली) आणि असेल तर ध्वनिमुद्रणाची तारीख-वेळ तीही मिळते. मैफल कोणत्या संध्याकाळची यावर वाद असतो तेव्हा ही तारीख सोन्यासारखी. एईएसच्या वाटेने हे सहसा हाती लागत नाही. अडचण अशी की हे ड्राइव्ह जोडायला लागणारं जुन्या पद्धतीचं स्कझी कार्ड आणि जुना संगणक सांभाळावा लागतो, आणि वाकड्या रेघांच्या टेपेला हे ड्राइव्ह चांगल्या स्टुडिओ यंत्रापेक्षा लवकर हात टेकतात. चांगल्या टेपा ड्राइव्हवर आणि हट्टी टेपा एसव्ही-३८०० वर, ही वाटणी ठीक बसते.

काही जणांनी पैसे वाचवण्यासाठी संगणकाच्या डीडीएस टेपांवर ऑडिओ भरलाय. ६० मीटरची असेल तर ती नेहमीच्या डॅटइतकीच, १३ मायक्रॉन जाड असते. ९० मीटरची ९ मायक्रॉनची, आणि १२० मीटरची त्याहून पातळ. अशा पातळ टेपेवर जलद पुढे-मागे करू नका, शटल चाक फिरवू नका. एकदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ वाजवा आणि त्याच खेपेला उतरवून घ्या.

टेप आत अडकली तर

बाहेर काढायचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक प्रयत्नाला लड वाढते. प्लग काढा, झाकण उघडा, टेप कुठे अडकलीय ते टॉर्च लावून बघा. लोडिंग मोटरची चकती हाताने सावकाश उलटी फिरवली की खांब मागे सरकतात आणि टेप ड्रमपासून सुटते. सुटलेली लड कॅसेटमधलं रीळ हलकेच फिरवून आत घ्या, मगच कॅसेट उचला. उघड्या टेपला बोट लागू देऊ नका. बोटाचं तेल हेडवर जातं.

टेप तुटलेली असेल तर जोड चिकटपट्टीने करून ती परत ड्रमवर चढवण्याचा मोह टाळा. जोडाची कड फिरत्या हेडवर आदळते, आणि तुटलेलं हेडचं टोक म्हणजे गेलेला ड्रम. कॅसेटचे बारीक स्क्रू काढून दोन तुकडे दोन वेगळ्या रिकाम्या कॅसेटांत भरा, तुटलेलं टोक रिळाच्या खाचेत क्लिपने बसवा, आणि दोन्ही स्वतंत्र उतरवा. तुटल्या जागेची काही सेकंदं जातील. ती कुठली, हे दोन्ही तुकड्यांवरच्या ॲब्सोल्यूट वेळेतल्या फरकावरून कळतं, म्हणून फाइलच्या नोंदीत दोन्ही आकडे लिहून ठेवा.